दोन फुटी टाकीत खारं पाणी: सुरुवात कशी करावी?

गप्पी_औंध
नमस्कार मंडळी. घरात २४ × १२ × १२ इंचाची, ६ मिमी काचेची टाकी आहे. आजवर तिच्यात गोड्या पाण्याचे मासे होते, सध्या ती रिकामी आहे. आता खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय करायचं आहे. क्लाउनफिशची एक जोडी, फार तर आणखी एखादा लहान मासा. प्रवाळ वगैरे आत्ताच नको.

माझे प्रश्न:
किराणा दुकानातलं खडेमीठ चालेल का? तेही समुद्राचंच असतं, आणि मत्स्यालयाचं मीठ फार महाग पडतं. घरच्या आरओचं पाणी (टीडीएस ६०) पुरेल का? मागे लटकवायचा ताशी ५०० लिटरचा फिल्टर आहे, तो वापरता येईल का? दुकानदार म्हणतो, पाणी भरल्यावर तिसऱ्या दिवशी मासे सोडा. हे बरोबर आहे का? आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पाण्याचं तापमान कसं सांभाळायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

भरती_ओहोटी
आधी टाकीबद्दल. पूर्वी तिच्यात माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध टाकलं होतं का, ते आठवून बघा. तांबं सिलिकॉनमध्ये मुरतं आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरतं. माशांना ते थोडंफार सोसतं, पण कोळंबी, गोगलगायी आणि हर्मिट खेकडे अगदी थोड्या तांब्यानेही मरतात. औषध टाकलं असेल तर ही टाकी फक्त विलगीकरणासाठी ठेवा आणि मुख्य टाकी नवी घ्या. नवी घेणारच असाल तर २४ × १५ × १५ घ्या. पाणी जितकं जास्त, तितकी चूक सावरायला सवड मिळते. औषध टाकलं नसेल तर आहे ती टाकी चालेल, पण ती किती लहान आहे ते लक्षात असू द्या. बाहेरून ५६ लिटर दिसते. वरची दीड इंच जागा, वाळू आणि दगड वजा केले की खरं पाणी साधारण ४२ लिटर उरतं. पुढचे सगळे हिशेब मी ४२ लिटरवर करतो.

खडेमीठ: नको. समुद्राच्या १ किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड तर असतंच, शिवाय मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम, कॅल्शियम ०.४ ग्रॅम, पोटॅशियम ०.४ ग्रॅम, सल्फेट २.७ ग्रॅम, आणि पीएच धरून ठेवणारं बायकार्बोनेट. मिठागरात पाणी आटत जातं तसे हे क्षार वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगळे होतात. आधी चुन्याचा अंश खाली बसतो, मग जिप्सम, मग मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शेवटच्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी बाहेर सोडून देतात. म्हणजे किराण्यातल्या पिशवीत समुद्राचा एकच तुकडा आलेला असतो. तो पाण्यात विरघळवला म्हणून समुद्र परत मिळत नाही. अशा पाण्यात पीएच टिकत नाही आणि गोगलगायींना शिंपला वाढवायला कॅल्शियम मिळत नाही. सैंधवाचंही तेच. मत्स्यालयासाठी तयार केलेलं सिंथेटिक समुद्री मीठच घ्या.

लागेल किती? ते मीठ थोडं ओलसर असतं, म्हणून लिटरला ३५ ऐवजी साधारण ३८ ग्रॅम धरा. ४२ लिटरला १ किलो ६०० ग्रॅम. नंतर दर आठवड्याला १० टक्के, म्हणजे ४ लिटर पाणी बदलायचं, त्याला १५० ग्रॅम. महिन्याला ६००–६५० ग्रॅम मीठ लागेल. तुम्ही समजता तेवढा हा खर्च मोठा नाही. पिशवी उघडायच्या आधी जमिनीवर चारदा लोळवून घ्या, कारण वाहतुकीत जड दाणे तळाशी बसतात आणि वरच्या चार मापांत एक, खालच्यांत भलतंच मिश्रण येतं.

पाणी: टीडीएस ६० चालणार नाही. घरच्या आरओत मेम्ब्रेननंतर चवीसाठी खनिजांचं काडतूस असतं किंवा टीडीएसचा नॉब फिरवून थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. हल्ली काही यंत्रांत तांब्याचं काडतूसही असतं आणि ते या कामाला सर्वांत घातक. प्लंबरकडून मेम्ब्रेनच्या लगेच पुढे टी-जोड घालून तिथून पाणी घ्या आणि ते डीआय रेझिनच्या (उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या) काडतुसातून पुढे जाऊ द्या. मीटरवर ० यायला हवं. २–३ दिसू लागलं की रेझिन संपत आलं. नळाच्या पाण्यातलं सिलिकेट, फॉस्फेट आणि नायट्रेट आत आलं की तुम्ही वर्षभर शेवाळच घासत बसाल.

मिसळताना आधी पाणी, मग मीठ. उलट केलं तर तळाशी पाणी इतकं दाट होतं की कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकत्र येऊन पांढरा गाळ धरतो, आणि तो नंतर विरघळत नाही. पहिल्या वेळी टाकीत काही जिवंत नसतं, त्यामुळे तिथेच मिसळा. नंतर मात्र नेहमी वेगळ्या बादलीत, छोटा पंप लावून, निदान रात्रभर. मासे असताना टाकीत कोरडं मीठ टाकू नका.

आता नवशिक्यांची हटकून होणारी चूक. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. पातळी खाली गेली की भरायचं ते गोडं, टीडीएस शून्य पाणी. समजा पुण्याच्या उन्हाळ्यात रोज १ लिटर उडालं आणि तीन दिवस लक्ष दिलं नाही. ४२ चे ३९ लिटर झाले आणि ३५ पीपीटीचं (म्हणजे किलोमागे ३५ ग्रॅम क्षारांचं) पाणी ३७.७ वर गेलं. आता घाईने ३ लिटर खारं पाणी ओतलं तर टाकी भरलेली दिसेल, पण खारेपणा ३७.५ वरच अडकून राहील. मागच्या काचेवर पातळीची रेघ मारा आणि रोज सकाळी तिथपर्यंत गोडं पाणी भरा. गणपतीला गावी जाणार असाल तर फ्लोट-स्विचचा ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) लावूनच जा.

मालवणी_बांगडा
दगड आणि वाळूचं मी सांगते.

'लाइव्ह रॉक' म्हणून कुणी किनाऱ्यावरून उचललेले प्रवाळाचे दगड दिले तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २००१ मध्ये त्याच्या परिशिष्ट १ मध्ये भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्री पंखे, सगळे समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या घातल्या गेल्या. ते वाळलेलं असलं तरी प्रवाळच आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, एका दोन फुटी टाकीसाठी समुद्राच्या तळातून भित्तीचा तुकडा काढला जावा हे मनाला पटत नाही.

याला पर्याय आहेत: सिरॅमिकचे सच्छिद्र दगड किंवा रीफ-सिमेंटचे तयार दगड. ४ ते ५ किलो पुरे. सिमेंटचे घेतले तर बादलीत भिजवून ठेवा आणि पाणी बदलत राहा. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पीएच फार वर जातो. दोन दिवस तेच पाणी ठेवूनही पीएच चढत नाही असं दिसेपर्यंत ते टाकीत घालू नका. त्याला काही आठवडे लागतात.

रचताना दगड आधी, थेट काचेवर (खाली प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा असला तर उत्तम), आणि वाळू नंतर त्यांच्या भोवती. वाळूवर दगड ठेवले आणि एखाद्या गोबीने खालून बीळ उकरलं तर रचना कोसळते, काचही फुटू शकते. मागच्या काचेपासून चार बोटं अंतर सोडा. तिथून पाणी फिरायला हवं आणि तुमचा हातही जायला हवा.

वाळू अरॅगोनाइटची (चुन्याच्या खनिजाची), १–२ मिमी दाण्याची, इंचभर थर. या मापाला ६–७ किलो लागेल. निथळ पाणी येईपर्यंत धुवा. बांधकामाची किंवा नदीची वाळू नको, चौपाटीचीही नको.

फिल्टर तुमचा चालेल. पण खाऱ्या पाण्यात खरं काम दगडांवरचे जिवाणू करतात आणि त्यांच्यापर्यंत पाणी पोचवायला प्रवाह लागतो. ताशी १,५०० ते २,००० लिटरचा एक छोटा वेव्हमेकर (टाकीतलं पाणी फिरवणारा पंप) घ्या आणि एका कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागावर सुरकुत्या पडतील असा तिरका लावा. सुरकुत्या पडल्या की प्राणवायूची अर्धी काळजी मिटते. फिल्टरमधला स्पंज दर तीन दिवसांनी काढलेल्याच खाऱ्या पाण्यात पिळा, नाहीतर त्यात अडकलेलं अन्न कुजून नायट्रेट वाढत राहतं. एवढ्या लहान टाकीला प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) नसला तरी चालतं, पण मग आठवड्याचं पाणी बदलणं चुकवायचं नाही.

वायर_आणि_वारा
तापमान आणि वीज.

२५ ते २७ अंश ठेवा. ३० च्या वर पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशांची गरज मात्र वाढते. पुण्यात एप्रिल-मेची हवा कोरडी असते, त्यामुळे पृष्ठभागावर वारा सोडणारा छोटा पंखा तापमान २–३ अंश खाली आणतो. मुंबई-कोकणात हाच पंखा फारसं काम करत नाही. हवाच ओली असली की वाफ होत नाही आणि वाफेशिवाय गारवा नाही. तिथे खोलीला एसी किंवा टाकीला चिलर लागतो. झाकण काढून जाळी लावा. क्लाउनफिशही उडी मारतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी ५० वॅटचा हीटर पुरे, शक्यतो बाहेरच्या थर्मोस्टॅटवर, कारण आतला थर्मोस्टॅट चिकटला तर हीटर बंदच होत नाही.

वीज गेली तर पहिला धोका प्राणवायूचा असतो. यूएसबीवर चालणारा हवेचा पंप आणि एक पॉवर बँक टाकीशेजारी कायम चार्ज करून ठेवा.

प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोल द्या. वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, बोर्डात शिरत नाही. खारं पाणी वाळलं की मिठाची पांढरी साय वायरीवर चढत जाते, ती आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. त्या बोर्डाला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. तो नसेल तर टाकीत पाणी भरण्याआधी बसवून घ्या. पाण्यात हात घालताना पंप-हीटरचे स्विच बंद.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा फवारा, काही नको. यांत पायरेथ्रॉइड जातीची द्रव्यं असतात. ती माशांना विषारी आहेत, कोळंबी आणि खेकड्यांना त्याहून जास्त, आणि हवेचा पंप खोलीतली हवाच टाकीत ढकलत असतो. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी पंप बंद ठेवा, टाकीवर ओलं फडकं टाका आणि हवा पूर्ण खेळती होईपर्यंत वेव्हमेकरवर भागवा.

भरती_ओहोटी
तिसऱ्या दिवशी मासे सोडण्याबद्दल राहिलं होतं. नको. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो, तो खाणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. कणखर म्हणून डॅमसेल मासे आधी सोडायचा सल्लाही ऐकू नका. त्यांचे हाल होतात आणि जगले तर नंतरच्या क्लाउनफिशला ते टाकीत टिकू देत नाहीत.

माशांशिवाय अमोनिया द्या. कल्हईवाले भांड्यावर टाकतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. पण बाजारातला नवसागर अशुद्ध असतो, प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या. १० ग्रॅम नवसागर १ लिटर शुद्ध पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. त्यातले २५ मिली ४२ लिटरमध्ये टाकले की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. बाटलीतले जिवाणू मिळाले तर पहिल्या दिवशी टाका, नसले तर पाळलेल्या खाऱ्या टाकीतला फिल्टरचा स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर वाळू मागून आणा. अमोनिया ०.५ च्या खाली आला की पुन्हा २५ मिली. त्याहून जास्त टाकू नका, ५ पीपीएमच्या पुढे तेच जिवाणू मंदावतात.

२५ मिली टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं आधी हे करतात, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात) दोन्ही शून्य आले, आणि हे लागोपाठ दोनदा झालं, की टाकी तयार. तोवर दिवा बंदच ठेवा.

गप्पी_औंध
सगळ्यांचे मनापासून आभार. टाकीत कधी औषध टाकलेलं नव्हतं, म्हणून तीच वापरली. आरसीसीबी बसवून घेतला. आज २४ वा दिवस. आकडे: अमोनिया ०, नायट्राइट ५ किंवा जास्त (चाचणीची नळी गर्द जांभळी), नायट्रेट ८० च्या वर, पीएच ८.०. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणारं यंत्र) १.०२५, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता. तो डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर जुळवला होता. मीठ १ किलो ७०० ग्रॅम गेलं. वाळूवर तपकिरी भुकटीसारखा थर आला आहे. नायट्रेट एवढं कसं? पाणी बदलू का? आणि नायट्राइटने मासे मरतील का?

भरती_ओहोटी
नायट्रेटचा आकडा आत्ता खरा मानू नका. त्या चाचणीत नायट्रेटचं आधी नायट्राइट करून रंग मोजतात. पाण्यात मुळातच नायट्राइट असेल तर तेही त्यात धरलं जातं आणि आकडा फुगतो. नायट्राइट शून्य झाल्यावर पुन्हा मोजा. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला त्याच्याशी चढाओढ करावी लागते, म्हणून ते गोड्या पाण्याइतकं घातक नसतं. तरी मासे आत्ता नकोत. दुसऱ्या जातीचे, म्हणजे नायट्राइट खाणारे जिवाणू अजून पुरते तयार नाहीत, एवढाच त्या जांभळ्या रंगाचा अर्थ. आठवडाभर नवसागर टाकू नका, पाणी बदलू नका, थांबा.

मला खटकतंय ते मीठ. ४२ लिटरला १ किलो ६०० ग्रॅम पुरायला हवं होतं, तुमचं १०० ग्रॅम जास्त गेलं आणि तरी १.०२५ दिसतंय. शून्यावर जुळलेलं यंत्र ३५ वर चुकू शकतं. मोजायचं ३५ जवळ, तर जुळवायचंही तिथेच. इथे मात्र घरातलं मीठ कामाला येतं: ३६.५ ग्रॅम कोरडं, बारीक मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी, दोन्ही वजनकाट्यावर. हे द्रावण प्रकाश जितका वाकवतं तितकाच ३५ पीपीटीचं समुद्राचं पाणी वाकवतं. काचेवर दोन थेंब, झाकण, अर्धा मिनिट थांबा, बुडबुडा नसावा. १.०२६ दिसायला हवं.

गप्पी_औंध
केलं. १.०२३ दिसलं.

भरती_ओहोटी
म्हणजे यंत्र ०.००३ कमी दाखवतंय आणि तुमचं पाणी प्रत्यक्षात १.०२८ आहे, सुमारे ३७.५ पीपीटी. त्याच द्रावणावर स्क्रू फिरवून १.०२६ करा. मग टाकीतून पावणेतीन लिटर काढून तेवढंच शुद्ध गोडं पाणी घाला. मासे नाहीत तोवर एकदम घातलं तरी चालेल. पुढे दर महिन्याला एकदा हीच तपासणी करा.

तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. नव्या वाळू-दगडांतलं सिलिकेट संपलं की तो ओसरतो. औषध नको. तो असताना गोगलगायी आणायची घाई नको, मासे आल्यावर पंधरवड्याने चार-पाच पुरतील.

मालवणी_बांगडा
मासे घ्यायची वेळ येईल तेव्हासाठी.

क्लाउनफिश हॅचरीत वाढवलेलेच मागा. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचं तंत्र बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण नाही. एक मोठा आणि एक स्पष्ट लहान निवडा. हे मासे जन्मतः नर असतात, जोडीतला वरचढ मादी होतो. सारख्या आकाराचे दोन घेतले तर वरचढ कोण हे ठरेपर्यंत मारामारी होते. तिसरा हवाच असेल तर निऑन गोबी, तो दोन इंचांच्या पुढे जात नाही. निळा टँग कितीही लहान दिसला तरी नको, तो फूटभर वाढतो. समुद्रफूलही (सी अ‍ॅनिमोन) पहिलं वर्ष नको. ते जागा बदलत फिरतं, वेव्हमेकरमध्ये अडकलं की चिरडतं आणि एका रात्रीत टाकीभर विष सोडतं.

दुकानात मासा खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जोरजोरात कल्ले हलवणारा किंवा अंगावर पांढरी साय आलेला क्लाउनफिश घेऊ नका. ती साय बहुधा ब्रुकलिनेला नावाच्या परजीवीची असते आणि दोन-तीन दिवसांत मासा नेते.

घरी आल्यावर थेट टाकीत नाही. २५ लिटरचा प्लास्टिकचा क्रेट, हवेचा पंप, हीटर, पीव्हीसी पाइपचा तुकडा लपायला, आणि मुख्य टाकीत महिनाभर ठेवलेला स्पंज. चार आठवडे तिथे. तांब्याचं औषध द्यायचं झालं तर तिथेच. मुख्य टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी एकदा शिरला की सगळे मासे काढून ती दोन-अडीच महिने रिकामी चालवावी लागते.

आणि पिशवीतलं पाणी मोजा. बरीच दुकानं परजीवी आणि मिठाचा खर्च दोन्ही कमी ठेवायला पाणी १.०१८–१.०२० वर ठेवतात. माशाला खारेपणा खाली गेलेला सोसतो, वर गेलेला एकदम सोसत नाही. म्हणून क्रेटचं पाणी पिशवीइतकंच करून ठेवा. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं तरंगवा, मग उघडून मासा ओंजळीने किंवा छोट्या डब्याने लगेच क्रेटमध्ये घ्या. पिशवीतलं पाणी आत नको. तासन्‌तास थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. पिशवी उघडली की साचलेला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि इतका वेळ निरुपद्रवी असलेला अमोनिया विषारी होतो. मग रोज थोडं खारं पाणी बदलून दिवसाला ०.००१ या गतीने १.०२५ पर्यंत आणा. १.०१९ पासून निघालात तर सहा दिवस लागतील.